भंगारातली लांब गाडी

त्या दिवशी आम्ही गाडी घ्यायला घरातून निघालो नव्हतो. निघालो होतो ते माझ्या नवऱ्याचं कपाट रिकामं करायला.

ते आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. राहायला आम्ही पालीत, बीडच्या अलीकडे, बिंदुसरा धरणाच्या शेजारी. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी लातूरला होस्टेलवर. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. रानात होता नव्हता तो ऊस चारा छावण्यांमधल्या जनावरांपुढे पडला आणि कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी भोंगा वाजला नाही. मग निरोप आला की प्रयोगशाळेला कुलूप लागणार आहे, आपापली कपाटं मोकळी करून न्या.

नवरा तसा बोलका माणूस, पण त्या दोन महिन्यांत पार मिटून गेला होता. सकाळी सवयीनं डबा भरायला सांगायचे आणि मग आठवण झाली की गप्प बसायचे. म्हणून कपाट आवरायला मीही मोटारसायकलवर मागं बसून गेले.

कपाटात होतं काय, तर एक पांढरा कोट, दोन पुस्तकं, चष्म्याची जुनी काडी. आवरून झालं तरी ते काचेच्या नळ्यांपाशी रेंगाळत राहिले. त्यांना तिथं एकटं राहू द्यावं म्हणून मी बाहेर आले आणि उगीच चालत उसाच्या भुशाच्या अंगणामागं गेले. तिथं कारखान्याचं भंगार पडलेलं. वाकडे पाइप, ट्रॅक्टरची चाकं, गंजलेल्या साखळ्या. आणि या सगळ्याच्या पलीकडे, वेड्या बाभळीत अर्धी शिरलेली ती गाडी.

अँबॅसिडरच होती, पण नेहमीची नव्हे. मागं डिकीच्या जागी तिला लांब खोली होती, दोन्ही अंगांना खिडक्या आणि शेवटी अर्धं वर, अर्धं खाली उघडणारं दार. इस्टेट म्हणायचे तिला. एके काळी रंग सायीसारखा असणार. आता टपावर पोपडे धरलेले, दारांच्या खालच्या कडा झिरमिळ्या होऊन लोंबत होत्या आणि बॉनेटमधून बाभळीची एक फांदी डौलात वर आली होती. मी काटे चुकवत पुढं गेले, काचेवरची धूळ पदरानं पुसली आणि आत बघितलं. मी या गाडीत बसले होते.

मी मूळची युसूफ वडगावची, तिकडं केजच्या पुढची. वडील दुसऱ्याच्या रानात कामाला. मी दुसरीत का तिसरीत असताना असल्याच एका लांब गाडीतून कारखान्याची माणसं गावात आली होती, शेतकऱ्यांना ऊस लागवडीचा सिनेमा दाखवायला. मारुतीच्या पारासमोर पांढरा पडदा बांधला. गाव पडद्याच्या पुढं बसलं आणि आमची वस्ती पडद्याच्या मागं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. बसायची जागा आपली ठरलेली असायची. मागून चित्र दिसायचं, पण उलटं. अक्षरं उलटी, नांगर धरणारा डावखुरा. नुकतंच वाचायला आलेलं, म्हणून मी मान वाकडी करकरून ती अक्षरं लावत होते. गाडीचा ड्रायव्हर पडद्याची दोरी आवळायला मागं आला, त्यानं माझी मान बघितली. मला आणि माझ्या भावाला म्हणाला, चला माझ्यासंगं. गाडी समोरच्या बाजूला, सिनेमाच्या मशीनच्या मागं उभी होती. त्यानं मागचं दार उघडलं, आम्हाला आत खोलीत बसवलं आणि स्वतः दाराला टेकून बिडी ओढत उभा राहिला. त्याच्या खांद्यावरून आम्ही सगळा सिनेमा सुलट्या अक्षरांत बघितला. उसाच्या दोन सरींत किती अंतर ठेवावं ते मला अजून पाठ आहे.

नवरा मला शोधत तिथवर आला तेव्हा मी मागच्या दाराच्या कडीशी झटत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि दाराखालच्या पट्टीवर सहज टोचली. किल्ली आरपार आत गेली आणि आतच पडली. ती काढता काढता ते हसायला लागले. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"घ्यायची आपण ही," मी म्हणाले.

"घेऊन काय करायचं?"

"चालवायची."

भंगाराचा लिलाव पुढच्याच आठवड्यात होता. बीडचे भंगारवाले आले होते. ते गाडीकडे बघतच नव्हते, तिचं लोखंड किती भरेल एवढंच डोळ्यांनी तोलत होते. मी बोली लावली तशी सगळे वळले. कारखान्याच्या साहेबांनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम गमतीनं म्हणतायत का. नवरा म्हणाला, मला बी तसंच वाटलं होतं. मी हटले नाही. शेवटी एक भंगारवाला थकून म्हणाला की ताई, यात गाडी कमी अन् गंज जास्त हाय. मी म्हणाले, गंज काढता येतो. कसा काढतात ते मला तेव्हा अजिबात ठाऊक नव्हतं, पण बोली माझ्या नावावर सुटली आणि माझे पाय जमिनीला लागेनात.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी पालीत आणली. नवरा आत स्टिअरिंग धरून, मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उलटी बसून गाडीकडे बघत. रस्त्यानं पत्र्याचे तुकडे गळत होते. गल्लीत शिरलो तेव्हा आत्या दारात उभ्या होत्या. पांढरं लुगडं, कमरेवर हात. गाडी पत्र्याच्या शेडखाली ढकलून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग जवळ येऊन त्यांनी आत डोकावलं.

"ही कावून आणली?"

मी म्हणाले, नीट करायला.

"माणसं पाण्यापायी गाव सोडून चाललेत अन् ह्यांला गाडीचं सुचायलंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचं खोटं नव्हतं. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि गल्लीभर घागरींची रांग लागायची. पण मला त्या रात्री झोप आली नाही ती त्या विचारानं नव्हे. उद्या कुठून सुरुवात करायची, याचीच उलघाल.

सुरुवात नवऱ्यानं केली. सकाळी चहा पिताना त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात एकदा मळीच्या टाकीत एक गंजका पाना पडला होता. पुढच्या हंगामात टाकी धुतली तेव्हा तो निघाला आणि निघाला तो नव्यासारखा. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा चिकट रस. तो गंज खातो, पण लोखंडाला हात लावत नाही, असं त्यांनी तेव्हाच ताडलं होतं. आता ते चहा तसाच ठेवून उठले. कारखान्याच्या रिकाम्या टाकीच्या बुडाशी घट्ट झालेली मळी होतीच. रीतसर परवानगी काढून ती दोन पिंपं भरून आणली. पाणी कुठलं घालायचं हा प्रश्न होता. आमच्या मागच्या बोअरला खारं, मचूळ पाणी यायचं. माणूस तर सोडाच, शेळीही त्याला तोंड लावायची नाही. ते पाणी मळीला चाललं.

मग आम्ही गाडी सोडवायला घेतली. शाळेतून आले की साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवायचा आणि शेडमध्ये शिरायचं. बिजागऱ्या, कड्या, बंपर, चाकांच्या वाट्या, नटबोल्ट, जे सुटेल ते पिंपात. पिंपांना आंबूस वास सुटला. गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावून जायला लागल्या, शेळ्या मात्र दावं तोडून आमच्याकडे यायच्या. दर रविवारी नवरा बाही सारून पिंपात हात घालायचा आणि एखादा तुकडा बाहेर काढून चिंधीनं पुसायचा. पहिल्या पहिल्यांदा नुसता काळा चिखल. मग एका रविवारी मागच्या दाराची कडी निघाली. राखाडी, स्वच्छ, तिच्यावर गाडीच्या कारखान्यात ठोकलेले बारीक आकडेसुद्धा वाचता येत होते. आम्ही दोघं शेडमध्ये ती कडी एकमेकांच्या हातात देत बसलो. नवरा पुन्हा पुन्हा सांगत होता की बघ, लोखंड जसंच्या तसं हाय. त्यांच्या आवाजात प्रयोगशाळेतला माणूस परत आला होता. त्या दिवसापासून त्यांनी सकाळी डबा मागणं बंद केलं. सकाळी उठून थेट शेडमध्ये.

इंजिन जाम होतं. मिस्त्री आम्हाला बीडला सापडले. साठीचे, जाडजूड, जुन्या गाड्यांचं नाव काढलं की डोळे चमकणारे. त्यांनी आमची गाडी बघितली आणि म्हणाले, लई वर्षांनी लांबडी बघायलो. आमच्याइतकेच तेही उतावीळ झाले, आणि तिथंच पुढचा घोटाळा झाला. आधी इंजिन. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि तेल ओतलं आणि मुरू दिलं. रोज येता जाता नवरा पुढून हँडल लावून जोर करून बघायचा. ते हलायचं नाही. मी शाळेत मुलांना घर्षण शिकवत होते आणि मनात हँडलच फिरत होतं. एका दुपारी वर्गाच्या खिडकीत नवरा उभा. शाळेत ते कधी येत नसत. त्यांनी नुसता हात वर करून मनगट गोल फिरवून दाखवलं. मी वर्गासमोर टाळी वाजवली. मुलांनीही वाजवली. कशासाठी ते त्यांना पुढच्या तासाला सांगितलं.

घोटाळा पत्र्याच्या कामात झाला. गाडीची खालची पट्टी आणि तळ सगळा सडलेला. मिस्त्रींनी उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंनी एकदमच कापला आणि नवा पत्रा जोडला. काम देखणं झालं. पण मागचं दार लावायला गेलो तर ते बसेना. मधोमध आधार न देता कापल्यामुळे गाडीची शेपूट किंचित फाकली होती. मिस्त्री दार उचलून लावून बघत होते, मागं होऊन बघत होते, परत लावत होते. शेवटी माझ्याकडे वळून गंभीरपणानं म्हणाले, "बाई, दार छोटं न्हाई झालं. गाडी मोठी झाली." मग आम्ही तिघंही खाली बसून हसलो आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सगळं जोडकाम कापलं, साखळी लावून शेपूट आवळली आणि परत केलं.

रंग खरवडायचं काम मी माझ्याकडे ठेवलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मागच्या दारावर पातं चालवताना सायीच्या रंगाखाली हिरवा लागला. मला वाटलं, कुठं तरी डाग भरला असेल. थोडं पुढं खरवडलं तर तिथंही हिरवा. सगळ्या गाडीवर हिरवा, थेट लोखंडाला चिकटलेला, म्हणजे पहिलाच. आणि दाराच्या खालच्या अर्ध्या भागात पिवळट अक्षरांचा माग दिसायला लागला. मी हळूहळू, नखानं म्हणावं इतकं जपून साफ केलं. पहिली अक्षरं गेली होती. शेवटी राहिलं होतं: दूध संघ.

ही गाडी मुळात कुठल्या तरी दूध संघाची होती. कारखान्यानं ती पुढं केव्हातरी घेतली आणि वर आपला रंग चढवला. वडगावला आली होती ती गाडी कारखान्यानं नवी कोरी घेतलेली. गावात त्याचीच चर्चा होती, ते मला पक्कं आठवत होतं. म्हणजे ही ती नव्हे. मी हातातलं पातं खाली ठेवलं.

नवऱ्याला हाक मारली. त्यांनी अक्षरं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मला रडू नाही आलं, पण एकदम थकल्यासारखं झालं. ज्या दारामागं मी लहानपणी बसले होते असं समजून इतके महिने घासत होते, त्या दारामागं मी कधी बसलेच नव्हते. संध्याकाळी मी शेडकडे फिरकले नाही. दुसऱ्या दिवशीही घरातच बसले. आत्यांनी दोनदा विचारलं की गाडीचं काय झालं. त्यांना विचारावंसं वाटलं याचंच मला नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून ठोकल्याचा आवाज येत होता. नवरा आणि मिस्त्री मागची काच बसवत होते आणि ती उलटी धरली होती. मला घरात बसवेना. मी जाऊन सांगितलं की वरची कड खाली आलीय. मग मीच एका बाजूनं धरली, रबर सरकवलं आणि काच टचकन जागेवर बसली. तेव्हाच लक्षात आलं की मला आवडते ती हीच गाडी. वडगावची आठवण तिला चिकटवायची गरज नाही. ती आठवण कुठं जात नाही, आणि हिचंही स्वतःचं काही असेलच की. कुणाकुणाचं दूध वाहिलं असेल तिनं.

"रंग हिरवा द्यायचा," मी म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, पांढरी लई खुलंल. नवरा म्हणाला, "न्हाई, हिरवाच. ती म्हणतीय तर हिरवाच."

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तो दिवस टँकरचा होता, हे आमच्या ध्यानात राहिलं नाही. रेडिएटरमध्ये दोघांच्या अंघोळीचं वाचवलेलं पाणी घातलं. मिस्त्रींनी कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल टाकलं, मला आत बसवलं आणि बटण दाबायला सांगितलं. दोनदा खोकून तिसऱ्यांदा इंजिन जे धडधडलं, त्यानं शेडचा पत्रा वाजायला लागला. काळा धूर, मग निळा, मग जवळजवळ काहीच नाही. बाहेर नवरा दोन्ही हात वर करून उभा होता. आणि तेवढ्यात गाडीच्या पुढून पाणी आलं. एक धार, मग तीन. रेडिएटर चाळणीसारखा झाला होता. इंजिन बंद करेपर्यंत सगळं पाणी शेडबाहेर, रस्त्यावर, घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या पायाशी गेलं. सगळ्या त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या. ती गप्प नजर मला फार लागली.

आत्याच बोलल्या. "माणसाला प्याया न्हाई अन् तुमी हिला पाजायलाव. पाजायचंच असंल तर पयलं खारं पाजा. गळतंय का न्हाई ते त्याच्यात बी कळंल की."

आम्ही दोघं विज्ञानाची माणसं, पण घाईत ते सुचलं नव्हतं. रेडिएटर बीडला नेऊन भोकांना डाग देऊन आणला. बोअरचं खारं पाणी भरून दिवसभर ठेवला, थेंब पडला नाही. मग ते काढून परत मळीच्या पिंपात ओतलं आणि गोडं पाणी भरलं, अंगण रिकामं बघून.

आता चालवायची. नवऱ्याला कारखान्याची जीप चालवायची सवय होती. मला सायकलच्या पुढं काही येत नव्हतं. शिकायला मैदान हवं होतं आणि मैदान दुष्काळानंच दिलं. बिंदुसरेचं धरण पार कोरडं पडलं होतं. जिथं एरवी नजर पोचेल तिथवर पाणी, तिथं भेगाळलेल्या मातीचा सपाट माळ. एका कोपऱ्यात गाळ काढायला ट्रॅक्टर लागलेले. दुसऱ्या बाजूला मच्छीमार सोसायटीच्या होड्या पालथ्या घालून ठेवलेल्या, आणि त्यांच्या सावलीत म्हातारे भोई पत्ते खेळत बसलेले.

गिअर स्टिअरिंगखाली. क्लच दाबायचा, दांडी आपल्याकडे ओढायची, खाली न्यायची. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. दुसऱ्या दिवशी सरळ गेली. मग वळली. तिच्या मागं धुळीचा लांब पट्टा उठायचा आणि मी त्या पट्ट्याला वळसा घालून परत त्यातच शिरायचे. धरणाच्या पोटात, जिथं आमच्या डोक्यावर पुरुषभर पाणी असायला हवं, तिथं मी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पळवत होते आणि ओरडून नवऱ्याला विचारत होते की आता चौथा टाकू का. ते दाराची वरची कड धरून म्हणत होते, टाक. सुट्टीत गावात असलेल्या माझ्या वर्गातल्या मुली भिंतीवर बसून बघायच्या. एकदा त्यांच्याकडे हात हलवायच्या नादात ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि बंपर जाऊन एका होडीला भिडला. होडी हातभर सरकली. तिच्या पलीकडून एक म्हातारा भोई उठला, पत्ते हातातच. त्यानं होडी बघितली, गाडी बघितली, मला बघितलं.

"बाई," तो म्हणाला, "पाणी व्हतं तवा हिला कुणी धडाकलं न्हाई."

मी माफी मागितली. त्यानं होडीची फळी ठोकून बघितली, काही झालं नव्हतं. मग म्हणाला, एक चक्कर मारा आमाला. सगळे म्हातारे मागच्या खोलीत बसले, मागचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून. धरणाच्या मधोमध जुन्या विहिरीचा काठ उघडा पडला होता. तिथवर नेऊन आणलं. तिथं पूर्वी कुणाचं रान होतं, पाण्याची धार कुठं खोल होती, मासे कुठं सापडायचे, ते सगळं त्यांनी मागून ओरडून सांगितलं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला. धरणात तळ झाकेल इतकं पाणी झालं. माझं लायसन्स झालं. हिरव्या रंगाचा शेवटचा हात बसला आणि आत्यांना घेऊन मी बीडला दवाखान्यात जाऊन आले. त्या पुढं बसल्या, पदर नीट केला आणि वाटेत दिसेल त्या ओळखीच्या माणसापाशी गाडी थांबवायला लावली, म्हणजे त्यांना खिडकीतून बोलता येईल.

आमच्या कारखान्याचा भोंगा मात्र त्याही वर्षी वाजला नाही. नवऱ्यानं अर्ज केले होते. दसऱ्यानंतर फोन आला, कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात हंगामापुरतं केमिस्टचं काम. लगेच या म्हणाले. मला वाटलं होतं, तो फोन आला की घर उदास होईल. पण नवऱ्यानं फोन ठेवला तो थेट शेडमध्येच गेला आणि मागची खोली मोजायला लागला. गादी मावेल, स्टोव्ह मावेल, ज्वारीचं पोतं आडवं टाकलं तर मावेल. दिवाळीची सुट्टी होती; लातूरच्या मुलीला मात्र क्लासमुळे सुट्टी नव्हती. मीच सोडायला जाणार, हे कुणी ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं. आत्या म्हणाल्या, "मी काय एकटीनं घर राखत बसू? मला बी बघू द्या कोल्लापूर."

सकाळी निघालो. आमच्याकडून ऊस तोडायला माणसं पश्चिमेला निघायचे तेच दिवस होते. पालीचा घाट ट्रकांनी आणि ट्रॅक्टरांनी भरला होता. ट्रॉल्यांमध्ये भांडी, पाचटाच्या चटया, शेळ्या, कोंबड्या, आणि वर माणसं. त्यांच्यात आमची हिरवी गाडी, तिच्यातही गादी, स्टोव्ह, ज्वारी. चढाला लागलो तशी तापमानाचा काटा वर सरकायला लागला. नवरा शेजारी बसून काट्याकडे बघत होता, मी रस्त्याकडे. दुसऱ्या गिअरमध्ये, एका लयीत, ना घाई ना थांबणं. पुढं एक ट्रॉली फार हळू चालली होती. तिच्या मागं अडकलो असतो तर इंजिन नक्की तापलं असतं. वळण संपलं, समोर रस्ता मोकळा दिसला. मी हॉर्न दिला आणि दांडी तशीच ठेवून पाय दाबला. गाडीनं आधी थोडं कुरकुर केल्यासारखं केलं आणि मग जोर धरला. ट्रॉलीवरच्या बायका वाकून बघायला लागल्या. त्यांतली एक, माझ्याच वयाची, कडेला लेकरू, मोठ्यानं म्हणाली, "अगं, बाई चालवायलीय बघा."

आत्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला सांगितलं, "माझी सून हाय."

मांजरसुंब्याला वर पोचलो तेव्हा काटा लाल रेघेच्या अलीकडेच थांबला होता. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून तिला वारा लागू दिला आणि चहा सांगितला. नवऱ्याचे हात काळे झाले होते, तेच हात त्यांनी पॅंटला पुसले. ते म्हणाले की आता पाटोद्यापर्यंत मी घेतो, तू दमली असशील. मी चहा संपवला, कप ठेवला आणि परत स्टिअरिंगमागं जाऊन बसले.

"पुढं जामखेडला बघू," मी म्हणाले.